धुळाईचा सहावा कप

ऐका धुळाई माते, तुमची कहाणी.

आटपाट नगर होतं. नगराला नगरपालिका होती, म्हणून रस्त्याला खड्डे होते. पाण्याच्या टाकीमागं एक वसाहत होती, वसाहतीत एक बैठं घर होतं, घरात कालिंदीबाई राहत होती. तिचे यजमान भार्गवराव जिल्ह्याच्या कचेरीत हेडक्लार्क होते. छत्तीस वर्षं नोकरी केली, मग निवृत्त झाले. कचेरी सुटली, सवय सुटली नाही. किराण्याची यादी तीन प्रतींत करीत. दूधवाल्याला लेखी कळवीत. माणूस वाईट नव्हता, फक्त बराचसा कागदावर राहत असे.

त्यांना एक लेक होती, केतकी. दूरच्या नगरात दिली होती. लग्नाला सहा वर्षं झाली आणि एके दिवशी तिचा फोन आला, "आई, मला तिसरा लागला." कालिंदीला फार आनंद झाला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही रीत. मग तिनं घराकडे पाहिलं, आणि आनंदाला जागोजागी ओल दिसली.

न्हाणी तीस वर्षांची जुनी होती. फरशी निसरडी, भिंती फुगलेल्या, नळ बंद केला तरी आपलं म्हणणं मांडत राही. केतकीची सासू, म्हणजे विहीणबाई, एकदा त्या न्हाणीत घसरल्या होत्या. पडल्या नव्हत्या, पण विसरल्याही नव्हत्या. त्या फोनवर म्हणाल्या, "कालिंदीताई, पोरीला पाठवायला माझी ना नाही. पण त्या न्हाणीत नाही. आठवा लागायच्या आत ती नीट झाली तर पाठवते. नाहीतर बाळंतपण इथंच करू. तुम्हीच या आमच्याकडे राहायला." शेवटचं वाक्य प्रेमानं म्हटलं होतं, म्हणून कालिंदीला तेच जास्त लागलं.

मग तुळशीराम मिस्त्रीला बोलावलं. त्यानं न्हाणी पाहिली, भिंतीवर टकटक केलं, आभाळाकडे पाहिलं.

"किती दिवस लागतील?"

"साठ दिवस धरा, वहिनी."

भार्गवरावांनी साठ दिवस धरले. कागदावर धरले. अकरा कलमांचा करारनामा केला. कलम चार असं होतं, 'फरशी सर्वत्र समतल असावी.' मिस्त्रीनं न वाचता सही केली. कागद वाचून फरशी लावायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

मग पहिला हातोडा पडला. भिंतीत पाईप दिसला, तो सडलेला निघाला. पाईपाचा माग काढत स्वैपाकघरात गेले, तो ओट्याखालून गेला होता, ओटा फुटला. पुढं माग काढला, तो मधल्या खोलीतून गेला होता. खोलीची फरशी उकलली. एका न्हाणीसाठी अख्खं घर उघडं पडलं. शेगडी ओसरीवर आली. देव कपाटात टॉवेलांच्या शेजारी गेले. आंघोळीला शेजारी सिंधूवहिनींकडे जावं लागे. खर्चाचा आकडा भार्गवरावांनी पेन्सिलीनं लिहिला होता. तो तीनदा खोडला. चौथ्यांदा लिहिलाच नाही, बँकेत जाऊन ठेव मोडली. धूळ अंथरुणात आली, धूळ आमटीत आली, झाकणाच्या डब्यातल्या साखरेत धूळ कशी आली, ते मात्र कुणालाच कळलं नाही.

कालिंदी अंगणात राडारोड्याच्या ढिगापाशी गेली आणि रडू लागली. तो तिथं एक म्हातारी आली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेलं, भुवयांवर सिमेंट. कालिंदीला वाटलं, मिस्त्रीची बिगारीण असेल.

म्हातारी म्हणाली, "लेकी, लेकी, का रडतेस?"

"रडू नको तर काय करू? घर मोडलं, ठेव मोडली, आता लेकीचं माहेरपण मोडणार."

"मी सांगते तो वसा घेशील?"

"घेईन की. कसला वसा?"

"नको, बाई. उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील."

"उतू कशानं? दूध तापवायला ओटा नाही. मातणार नाही, टाकणार नाही. सांगा."

"मग ऐक. हा धुळाईचा वसा. रोज चार वाजले की चहा ठेवावा. आलं ठेचून घालावं, साखरेला हात आखडू नये. काम करणाऱ्यांसोबत ढिगावर बसून प्यावा, खुर्ची आणू नये. माणसांहून एक कप जास्त मांडावा. मग विचारावं, आज काय झालं? झालेल्या तीन गोष्टी मोठ्यानं सांगाव्या. राहिलेल्या बोलू नयेत. त्या कुठं पळून जात नाहीत."

"आणि तीन गोष्टी झाल्याच नसल्या तर?"

"तर नीट बघावं."

"यानं काम लवकर होतं का, आजी?"

"काम कामाच्या वेळेला होतं. तोवर तू टिकतेस."

"आणि उद्यापन?"

"नव्या न्हाणीत आंघोळीचं पहिलं पाणी मोरीला मिळालं, की सगळ्यांना जेवू घालावं."

दुसऱ्या दिवशी कालिंदीनं वसा धरला. चार वाजता चहा केला, कप मांडले, ढिगावर फडकं टाकून बसली. भार्गवरावांनी कप मोजले.

"मिस्त्री, दोन बिगारी, आपण दोघं. माणसं पाच. कप सहा."

"आजींना नको?" म्हातारी घमेलं पालथं घालून त्यावर बसली होती, तिच्याकडे बघत कालिंदी म्हणाली.

"त्या माझ्या हजेरीपटावर नाहीत."

"चहाला हजेरीपट लागत नाही. घ्या, निवतोय."

मग तिनं विचारलं, "आज काय झालं?"

मिस्त्री कप फुंकू लागला. तीस वर्षांत सगळ्यांनी त्याला 'कधी होणार' एवढंच विचारलं होतं. दोन घोट घेऊन म्हणाला, "सडक्या पाईपाचं शेवटचं टोक सापडलं."

"एक," कालिंदी म्हणाली.

थोरला बिगारी गेनू म्हणाला, "एवढं फोडलं, पण विजेची वायर एक नाही तुटली."

"दोन."

तिसरं काही सापडेना. तेव्हा म्हातारी म्हणाली, "वाळूत मांजर व्यालंय. तीन पिलं."

"मांजर कामात धरता येणार नाही," भार्गवराव म्हणाले.

"धरलं," कालिंदी म्हणाली. "तीन."

मग रोज असं चाललं. कधी ओट्याचा कडप्पा न तडकता आला, ते एक. कधी मिस्त्रीचा खोकला थांबला, ते दोन. कधी पिलांनी डोळे उघडले, ते तीन. ओटा उभा राहिला. मधल्या खोलीला फरशी लागली. न्हाणीच्या भिंती कोरड्या झाल्या, फरशी आली, मोरीला जाळी बसली. साठ दिवस सरले. मिस्त्री म्हणाला, "अजून साठ धरा." कालिंदीनं धरले. पोळीत कचकच लागली तर ती म्हणे, आज कमी लागली. भार्गवराव ते कुठं लिहीत नसत, पण त्यांचीही झोप पुन्हा सुरळीत झाली होती.

असे शंभर दिवस गेले. मग कालिंदी मातली.

सिंधूवहिनींकडे आंघोळीला गेली होती. केस पुसता पुसता म्हणाली, "आमच्याकडे बाई काम कसं हसतखेळत चालतं. लोकांकडे नुसती वादावादी."

सिंधूवहिनी पोळ्या लाटत होत्या. लाटणं न थांबवता म्हणाल्या, "हसतखेळत ना? आमचं रडत झालं हो, पण वीस दिवसांत झालं. केतकीला कितवा?"

"सहावा."

"मग हसा. टॉवेल वाळत घालून जा, ओला ठेवू नका."

कालिंदी घरी आली ती पेटूनच. चार वाजले, चहा केला. पण आलं घातलं नाही, साखर चिमटीनं घातली, आणि ढिगाशेजारी खुर्ची आणून बसली. म्हातारीनं विचारलं, "लेकी, आज काय झालं?"

"काय झालं काय विचारता? काय राहिलं ते विचारा. दार राहिलं, नळ राहिले, रंग राहिला, कडेची पट्टी राहिली. वीस दिवसांचं काम, शंभर दिवस झाले. माझ्या लेकीचे दिवस कुणासाठी थांबणार आहेत?"

मिस्त्रीनं अर्धा चहा खाली ठेवला. म्हातारीनं आपला कप पालथा घातला, चुंबळ उचलली आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही.

भार्गवरावांनी मात्र सगळं ऐकलं होतं. बायको इतके दिवस गप्प होती म्हणून तेही गप्प होते. आता त्यांना वाव मिळाला. त्यांनी करारनामा काढला, बाजारातून नवी पाणसळ आणली आणि न्हाणीच्या फरशीवर ठेवली. पाणसळीतला बुडबुडा एका टोकाला गेला.

"मिस्त्री, ही फरशी तिरकी आहे."

"ढाळ आहे तो, साहेब. मोरीकडे."

"कलम चार. फरशी सर्वत्र समतल असावी."

"न्हाणीत पण?"

"सर्वत्र म्हणजे सर्वत्र. आणि खाली ही तुमची सही."

मिस्त्रीनं सहीकडे पाहिलं, मग कालिंदीकडे पाहिलं. कालिंदीनं तीस वर्षं न्हाणी धुतली होती. ढाळ म्हणजे काय, ते तिला काय कुणी सांगायला हवं होतं? पण ती रागात होती, आणि रागात माणसाला कलम बरं वाटतं. ती गप्प राहिली.

"लिहिल्याप्रमाणं करू?" मिस्त्रीनं विचारलं.

"लिहिल्याप्रमाणं."

मग मिस्त्रीनं लावलेली फरशी उखडली. सारखं करून पुन्हा लावली. अठरा दिवस गेले. चार वाजता चहा होईना, कुणी कुणाला काही विचारीना. काम संपलं, भार्गवरावांनी पाणसळ ठेवली. बुडबुडा बरोबर मधोमध. त्यांनी सिंधूवहिनींना बोलावून तो दाखवला. मिस्त्री म्हणाला, "लिहिल्याप्रमाणं झालं." त्यानं थापी उचलली, ओळंबा गुंडाळला आणि दुसऱ्या कामावर निघून गेला. नळ, दार, रंग तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कालिंदीनं न्हाणीला हळदकुंकू वाहिलं आणि पहिली बादली ओतली. पाणी थांबलं. त्यानं मोरीकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, सगळीकडे सारखंच दिसलं. मग ते उंबऱ्यावरून मधल्या खोलीत गेलं. खोलीत पलंग होता. पलंगाखाली गाठोडं होतं. गाठोड्यात जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी होती, झबली होती, टोपडी होती. कालिंदीनं धुळीत बसून एकेक शिवली होती. ती सगळी भिजली. टेबलावरून भार्गवरावांनी वाचवायला म्हणून घाईनं उतरवलेला करारनामाही पाण्यात पडला.

त्याच वेळी विहीणबाईंचा फोन आला. "कालिंदीताई, सातवा लागला. दवाखान्यात नाव इथं घालू की तिथं, तेवढं सांगा. उशीर नको."

"दोन दिवसांत सांगते," कालिंदी म्हणाली. फोन ठेवला, ओली दुपटी उचलली आणि ढिगावर जाऊन बसली. खुर्ची आणली नाही. मनात म्हणाली, वसा घेतला, मातले, टाकला. माझ्याच तोंडानं सगळं पाण्यात गेलं.

तो समोर म्हातारी उभी. तीच चुंबळ, तेच घमेलं.

"लेकी, आज काय झालं?"

"काही झालं नाही, आजी. सगळं बिघडलं."

"नीट बघ."

कालिंदीनं डोळे पुसले. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "नवा पाईप गळला नाही. भिंती कोरड्या आहेत."

"एक."

"दुपटी भिजली, पण डाग पडला नाही. वाळतील."

"दोन. आणि?"

तिसरं काही केल्या सापडेना. तेवढ्यात भार्गवराव घरातून आले. धोतर पोटऱ्यांपर्यंत ओलं, हातात करारनामा, त्यातून पाणी ठिबकतंय. ते कधी ढिगावर फडक्याशिवाय बसले नव्हते. त्या दिवशी तसेच बसले. म्हणाले, "अगं, कलम चार चुकलं. माझं चुकलं."

छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी चूक कबूल केली नव्हती, शुद्धिपत्रक काढलं होतं.

"तीन," म्हातारी म्हणाली.

मग कालिंदीनं चहा केला. आलं ठेचून घातलं, साखर मुठीनं घातली. थर्मासमध्ये भरला, पिशवीत कप घेतले आणि दोघं मिस्त्रीच्या नव्या कामावर गेली. तो एका भिंतीपाशी वाळूत बसला होता. तिथं चहा देत नसत.

"साहेब, करार आणलाय?" त्यानं विचारलं.

"आणलाय," म्हणून भार्गवरावांनी खिशातून कागद काढला. शाई पसरून अकराही कलमं एक झाली होती. त्यांनी त्याची घडी केली, तापलेला कप तिच्यात धरला आणि मिस्त्रीच्या हातात दिला. "मिस्त्री, आमचं पाणी घरभर फिरतंय. चूक माझी."

मिस्त्रीनं एक घोट घेतला. म्हणाला, "तुमची एकट्याची नाही, साहेब. पाणी कुठं जाणार ते मला ठाऊक होतं. राग आला म्हणून लावली तशी. गवंड्यानं रागात फरशी लावू नये."

"मलाही ठाऊक होतं," कालिंदी म्हणाली.

भार्गवरावांनी दोघांकडे पाहिलं. "म्हणजे मला एकट्यालाच ठाऊक नव्हतं?"

"तुम्हाला लेखी कळवायचं राहिलं," कालिंदी म्हणाली. मिस्त्रीला ठसका लागला, चहा वाळूत सांडला. मग तो हसत उठला. "उद्या येतो, वहिनी. पण कागद नको."

कालिंदीनं तिथूनच विहीणबाईंना फोन लावला. "दवाखान्यात नाव इथं घालते."

"न्हाणी झाली?"

"होईल. मिस्त्री उद्या येतो म्हणाला, आज ते झालं."

"बरं. पण माझी मुदत तीच," विहीणबाई म्हणाल्या.

मग वसा पुन्हा सुरू झाला. चार वाजता चहा, ढिगावर बैठक, सहा कप. ढीग उतरत गेला, तरी बसायला पुरला. फरशी तिसऱ्यांदा लागली. मिस्त्रीनं ढाळ दिला, मग तांब्याभर पाणी ओतून भार्गवरावांना दाखवलं. त्यांनी पाणसळ धुऊन पुसून मांजराच्या पिलांना खेळायला दिली. दार लागलं, नळ बसले, रंग झाला. आठवा लागायला तीन दिवस होते, तेव्हा केतकी आली. कालिंदीनं दारात भाकरतुकडा ओवाळला, पायांवर पाणी घातलं. केतकीनं आत येऊन घर पाहिलं, बोट फिरवून धूळ पाहिली आणि म्हणाली, "आई, इतक्या गोंधळात तू बारीक कशी नाही झालीस?" कालिंदी म्हणाली, "चहात साखर फार होती."

दिवस भरले. केतकीला मुलगी झाली. पाचव्या दिवशी बाळबाळंतीण घरी आली, आणि नव्या न्हाणीत पहिली आंघोळ बाळाची ठरली; तोवर सगळी सिंधूवहिनींकडेच न्हात होती. विहीणबाई नातीला बघायला आल्या होत्या. त्यांनी न्हाणीत आधी एक पाय ठेवला, दाबून पाहिला, मग दुसरा ठेवला. सगळे दारात उभे. "बरी आहे," विहीणबाई म्हणाल्या. तीस वर्षांच्या घराला एवढं प्रशस्तिपत्र प्रथमच मिळालं होतं.

न्हाऊ घालणाऱ्या बाईनं पाय पसरले, पायांवर बाळ घेतलं, ऊन पाणी घातलं. पाणी बाळाच्या टाळूवरून आलं, पाठीवरून आलं, फरशीवर आलं. जरासं थबकलं. मग पाणी वळलं आणि घरच्या माणसासारखं, कुणाला न विचारता, मोरीकडे गेलं. बाळ रडलं, बाकी कुणी नाही. भार्गवरावांचा चष्मा वाफेनं धुकट झाला होता, असं ते म्हणाले.

बारशाच्या दिवशी उद्यापन केलं. मिस्त्रीला बोलावलं, बिगाऱ्यांना बोलावलं, सिंधूवहिनींना बोलावलं. पुरणपोळी केली. एक पान रिकामं ठेवलं. जेवणं झाली, चार वाजले, कालिंदीनं चहा आणला.

"मिस्त्री, तुमची म्हातारी आली नाही. तिला निरोप दिला होता ना?"

"माझी कुठली? तुमची ना ती, वहिनी? तुमच्या माहेरची कुणी असेल, असं आम्ही समजत होतो."

"मग तिला मजुरी कोण देत होतं?"

मिस्त्रीनं गेनूकडे पाहिलं, गेनूनं कालिंदीकडे पाहिलं. कुणीच देत नव्हतं. भार्गवराव हळू आवाजात म्हणाले, "हजेरीपटावर नव्हती, ते बरोबरच होतं."

कालिंदी उठून न्हाणीत गेली. मोरीजवळच्या सिमेंटात एका टाचेचा ठसा होता, भेगाळलेल्या, म्हाताऱ्या टाचेचा. आधी कुणाला दिसला नव्हता. तिनं बोटानं चोळून पाहिला, तो गेला नाही. मागं मिस्त्री येऊन उभा राहिला. "वहिनी, एवढं राहिलं बघा. कोपरा काढून नवा करून देतो."

"नको," कालिंदी म्हणाली. "तो झालेल्यात धरा."

बाहेर आली, तर सहावा कप रिकामा होता, आणि त्याच्या कानाला सिमेंट लागलं होतं.

जशी कालिंदीला धुळाई पावली, तशी तुम्हाआम्हाला पावो. ज्यांचं घर उकललं असेल त्यांची झोप न उकलो, ज्यांची ठेव मोडली असेल त्यांचं मन न मोडो, ज्यांची लेक यायची असेल ती वेळेवर येवो, आणि पाण्याला मोरी सापडो. ही साठ दिवसांच्या बोलीची कहाणी पाच महिन्यांच्या कामात सुफळ संपूर्ण.